रक्ताच्या अहवालातील चांदणी

आमच्यापुढे एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी आहे. ती गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाकडील, जंगलाला लागून असलेल्या एका गावातील नववीच्या मुलीची. तिला सिकलसेलचा आजार आहे. पिशवीत एक रंगीत कार्ड, रक्ततपासणीचे सहा अहवाल आणि औषधांच्या चिठ्ठ्या आहेत. गेल्या पावसाळ्यात, धानाची रोवणी ऐन भरात असताना, तिने ही पिशवी आमच्यातील एका विज्ञानशिक्षकाच्या हाती दिली आणि विचारले, "सर, यात काय लिहिलं आहे? घरी बसू, शाळेत येऊ की दवाखान्यात जाऊ?"

सर विज्ञानाचे पदवीधर. हिमोग्लोबिन म्हणजे काय हे ते दरवर्षी शिकवतात. तरीही सहा अहवाल उलटसुलट करून त्यांना उत्तर देता आले नाही. शेवटी त्यांनी आशाताईंना बोलावले आणि मुलीला ग्रामीण रुग्णालयात पाठवले. तेच योग्य होते, हे नंतर कळले. पण त्या दिवशी ते ठरले मुलीच्या निस्तेज चेहऱ्यावरून. कागदांचा त्यात काही वाटा नव्हता. मग आम्ही ठरवले की एखाद्या पुस्तकाचे परीक्षण करावे तसे या कागदांचेच करून पाहावे. हा मजकूर कोणासाठी लिहिला आहे? वाचणाऱ्याने पुढे काय करावे असे लिहिणाऱ्याला वाटते? आणि जे सांगायला हवे होते ते राहून गेले काय?

विषय आमच्या भागाला नवा नाही. विदर्भाच्या पूर्वेकडील जिल्ह्यांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. दोष अगदी बारीक. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढेच. हा हिमोग्लोबिनच्या रेणूतील दोष आहे, हे लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवले आणि नेमका कोणता घटक बदलला ते व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५०च्या दशकात शोधले. प्राणवायू सोडल्यावर असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब काड्या बनवते, तांबडी पेशी ताठरते आणि विळ्यासारखी वाकते. धानाच्या प्रदेशात विळा म्हणजे काय हे कोणाला सांगावे लागत नाही. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही १०-२० दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कायमच कमी. वाकलेल्या पेशी बारीक केशवाहिन्यांत अडकतात, म्हणून हाडांत असह्य कळा. आईवडील दोघांकडून दोषी जनुक आले तर आजार, ज्याला आपल्याकडे ‘एसएस पॅटर्न’ म्हणतात. एकाकडूनच आले तर ‘एएस’, म्हणजे वाहक. त्याला सहसा त्रास होत नाही.

या आजाराचा रुग्ण वर्षातील बहुतेक दिवस डॉक्टरांपासून दूर असतो. पाणी भरपूर प्यावे, थंडीत भिजू नये, फॉलिक आम्लाची गोळी घ्यावी, दिली असल्यास हायड्रॉक्सीयुरिया रोज घ्यावी, ताप आला तर वाट पाहू नये, हे सारे त्याचे त्यालाच सांभाळायचे असते. नऊ-दहा वर्षांचे मूलही हळूहळू स्वतःचे अर्धे डॉक्टर होते. पण जो स्वतःची काळजी घेतो त्याला आपण घेतलेल्या काळजीचे काय झाले हे कळायला हवे. सायकल शिकणाऱ्याला तोल जातो आहे हे क्षणोक्षणी कळते, म्हणून तो सावरतो. विज्ञानात याला प्रतिभरण म्हणतात. घडलेल्या गोष्टीची खबर करणाऱ्याकडे परत येते आणि तो पुढची कृती बदलतो. पिशवीतील कागद हे काम करतात का, एवढेच आम्हाला पाहायचे होते.

प्रथम अहवाल. तो इंग्रजीत आहे. हा दोष खरा, पण आमच्या मते सर्वांत मोठा नव्हे. उद्या तो जसाच्या तसा मराठीत, हिंदीत किंवा गोंडीत छापला तरी सरांची अडचण सुटली नसती. अहवालात डावीकडे चाचणीचे नाव, मग आकडा, मग ‘सामान्य मर्यादा’ आणि आकडा मर्यादेबाहेर असेल तर त्याच्यापुढे एक चांदणी. हिमोग्लोबिनची मर्यादा १२ ते १५ ग्रॅम दर डेसिलिटरला. आता या मुलीचे पहिल्या पाच अहवालांतील आकडे पाहा: ८.२, ७.९, ८.४, ८.१, ८.३. पाचही ठिकाणी चांदणी. सहाव्या अहवालात, म्हणजे रोवणीच्या दिवसांतल्या, ६.१. तिथेही चांदणी. तीच, तेवढीच.

आमच्या टीकेचा गाभा इथे आहे. पहिल्या पाच चांदण्या या मुलीला नवे काहीच सांगत नाहीत. तिला सिकलसेल आहे हे तिला माहीत आहे आणि सिकलसेलच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन आठच्या आसपास असणे हे तिचे रोजचे जगणे आहे. त्यावर ती शाळेत येते, कबड्डीचे गुण मोजते, भावंडे सांभाळते. सहावी चांदणी मात्र धोक्याची घंटा आहे. नेहमीच्या पातळीहून दोन ग्रॅम किंवा त्याहून अधिक घसरण हे या आजारात तातडीचे लक्षण मानतात. रक्त अचानक पाणथरीत साठले असेल, एखाद्या विषाणूने अस्थिमज्जेतील पेशीनिर्मिती थांबवली असेल, मलेरिया असेल. कारण काहीही असो, त्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा. पाच वेळा ‘लांडगा आला’ म्हणून ओरडलेल्या कागदाने सहाव्यांदा लांडगा खरोखर आला तेव्हाही त्याच आवाजात ओरडावे, याला काय म्हणायचे?

दोष कोठून आला हे समजून घेणे वर्गात शिकवण्याच्याही कामाचे आहे. ‘सामान्य मर्यादा’ ठरवताना निरोगी माणसांच्या मोठ्या गटाची तपासणी करतात आणि मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे जेथे पडतात तो पट्टा मर्यादा म्हणून घेतात. म्हणजे निरोगी माणसांपैकीही ५ टक्के त्या चाचणीत मर्यादेबाहेर असणार, हे व्याख्येतच आले. एकमेकींवर अवलंबून नसलेल्या २० चाचण्या एका निरोगी माणसावर केल्या तर सर्वच्या सर्व मर्यादेत येण्याची शक्यता ०.९५चा विसावा घात, म्हणजे सुमारे ०.३६. शंभरांतील चौसष्ट निरोगी माणसांच्या कागदावर किमान एक चांदणी! प्रत्यक्षात रक्ताच्या चाचण्या एकमेकींशी जोडलेल्या असल्याने आकडा इतका मोठा येत नाही, पण मुद्दा तोच राहतो. ही मर्यादा अनोळखी माणसाला पहिल्यांदा तपासताना उपयोगी असते. ज्याचा आजार वर्षानुवर्षे माहीत आहे त्याच्यासाठी ती चुकीची मोजपट्टी आहे. त्याची तुलना त्याच्या स्वतःशीच करायला हवी.

हे काही आमच्या डोक्यातून निघालेले नाही. दम्याच्या रुग्णांना श्वासाचा जोर मोजण्याची एक साधी नळी देतात. तिच्यावर हिरवा, पिवळा आणि तांबडा असे पट्टे लावायचे असतात. पण ते कारखान्यातून छापून येत नाहीत. रुग्ण बरा असताना त्याने गाठलेला स्वतःचा सर्वोत्तम आकडा आधार धरतात. त्याच्या ८० टक्क्यांच्या वर हिरवा, ५० ते ८० पिवळा, ५०च्या खाली तांबडा. पिवळ्यात आल्यावर कोणते औषध वाढवायचे आणि तांबड्यात काय करायचे हेही लिहून दिलेले असते. आकडा, त्याची तुलना आणि पुढची कृती या तिन्ही गोष्टी एका जागी. लहान मुलांच्या वाढीचा तक्ताही त्याच घराण्यातला. डेव्हिड मॉर्ले यांनी नायजेरियातील खेड्यांत काम करताना तो घडवला आणि तो आईच्या घरी राहावा असा आग्रह धरला. आज वजन किती यापेक्षा रेघ वर चढते आहे, आडवी पडली आहे की खाली वळते आहे हे पाहायचे. अक्षरओळख नसलेल्या आईलाही रेघेचे वळण दिसते. आमच्या जिल्ह्यातील प्रत्येक अंगणवाडीत असा तक्ता आहे. मग रक्ताच्या अहवालात मागचे चार आकडे छापायला काय हरकत असावी?

अहवालातील दुसरी चूक आम्हाला अधिक खटकली, कारण ती केवळ मुकी नाही, उलटे बोलणारी आहे. या मुलीला हायड्रॉक्सीयुरिया सुरू आहे. या औषधाने गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा वाढते आणि पेशी वाकण्याचे प्रमाण घटते. कळांचे झटके कमी होतात हे अमेरिकेतील १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीने दाखवले. पण गुण दिसायला महिने लागतात. डोकेदुखीची गोळी अर्ध्या तासात आपली खबर देते. ही गोळी रोज घेऊनही आज काही जाणवत नाही आणि चुकवली तरी उद्या काही बिघडत नाही. अशी औषधे सुटतात ती माणसे बेफिकीर असतात म्हणून नव्हे. खबर परत येत नाही म्हणून सुटतात. पण झटके कमी झाल्याचे जाणवण्याआधीच औषध काम करत असल्याची एक खूण रक्तात दिसू लागते. तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान, म्हणजे अहवालातील ‘एमसीव्ही’, वाढत जाते. या मुलीचे ते अहवालागणिक वाढत शंभराच्या पुढे गेले आहे. आणि अहवाल काय म्हणतो? मर्यादेपेक्षा जास्त. चांदणी!

म्हणजे जी बातमी ऐकून या मुलीने आणि तिच्या आईने हुरूप धरायला हवा, ती कागदावर वाईट बातमी म्हणून छापली गेली. चांदण्या वाढल्या म्हणून घाबरून गोळी बंद करावी असे आईच्या मनात आले होते, असे मुलगी म्हणाली. तिला दोष कसा द्यायचा? याच औषधाने पांढऱ्या पेशी फार उतरल्या तर मात्र डॉक्टर ते काही दिवस थांबवतात किंवा मात्रा कमी करतात. तिथली चांदणी खरी. एका पानावर तीन चांदण्या, त्यांतली एक जुनी, एक शुभ, एक धोक्याची असू शकते, आणि तिन्ही दिसायला सारख्या.

आता रंगीत कार्ड. राष्ट्रीय सिकलसेल अॅनिमिया निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे आणि २०४७ सालापर्यंत आजाराचे निर्मूलन करण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. महाराष्ट्रात तपासणीचे काम त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होते आणि गोंदिया जिल्हा त्यात होता. तपासणी झालेल्याला कार्ड मिळते. तो निरोगी, वाहक की रुग्ण हे त्यावर असते आणि लग्नाआधी दोघांची कार्डे पडताळून पाहा, असा प्रचार केला जातो.

या कामाची किंमत आम्ही कमी लेखत नाही. घरोघर जाऊन सुईच्या टोकावरच्या थेंबाने माणसांना आपली स्थिती कळवणे हे मोठे काम आहे. पण कार्डाचे परीक्षण करताना सांगावे लागते की ते मुख्यतः पुढच्या पिढीशी बोलते. पुढे जन्माला येणारे मूल आजारी नसावे ही शासनाची काळजी आहे आणि ती रास्त आहे. ज्या मुलीच्या पिशवीत ते कार्ड आहे तिचा प्रश्न मात्र आजच्या दिवसाचा आहे. तिची जनुके जन्मभर बदलणार नाहीत. म्हणून कार्ड तिला एकदाच काय ते सांगते आणि मग गप्प बसते. ती माहिती आहे, प्रतिभरण नव्हे. उलट गावात ‘तिच्याकडे तसले कार्ड आहे’ एवढे मात्र फिरते. आमच्या अनुभवात याचा भार मुलांपेक्षा मुलींवर जास्त पडतो.

कार्डाबरोबर जो ‘२५ टक्के’ आकडा सांगितला जातो त्याचेही तसेच. दोन्ही वाहक असलेल्या जोडप्याला ‘चारांत एक’ असे सांगितले की पुष्कळांना वाटते, पहिले मूल आजारी झाले, आता पुढची तीन सुटली. शिक्षक मित्रांनो, हे आपल्या गणिताच्या तासाचे अपयश आहे. प्रत्येक गर्भधारणेत नाणी नव्याने उडवली जातात. चार मुलांपैकी एकही आजारी नसण्याची शक्यता तीन चतुर्थांशाचा चौथा घात, म्हणजे २५६ पैकी ८१. साधारण ३२ टक्के. दोन रंगांच्या चिंचोक्यांनी, प्रत्येक वेळी चिंचोका पिशवीत परत टाकून, हे वर्गात वीस मिनिटांत करून दाखवता येते. सांगणाऱ्याने खरे सांगितले आणि ऐकणाऱ्याने खोटे ऐकले, असे वारंवार होत असेल तर सांगण्याची पद्धत तपासायला हवी.

या सगळ्या कागदांना मागे टाकणारे एक उदाहरण जमैकाचे आहे आणि त्यात कागद जवळजवळ नाहीच. १९७३ सालापासून किंग्स्टनमध्ये जन्मलेल्या बाळांचे रक्त तपासून सिकलसेलग्रस्त मुलांचा दीर्घकाळ पाठपुरावा करण्यात आला. ग्रॅहॅम सर्जंट आणि त्यांचे सहकारी ते काम पाहत. लहान मुले दगावण्याचे एक मोठे कारण त्यांना दिसले. मुलाची पाणथरी काही तासांत फुगते, अंगातले रक्त तिच्यात साठते आणि मूल दवाखान्यात पोचण्याआधीच जाते. तेव्हा त्यांनी आयांना बाळाची पाणथरी चाचपायला शिकवले. डाव्या बरगडीखाली बोटे हलकेच दाबायची. रोज किती लागते ते हाताला ठाऊक करून घ्यायचे. त्याहून मोठी लागली आणि मूल पांढुरके दिसले की तडक दवाखाना. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत अशा प्रसंगांची नोंद दुपटीहून अधिक वाढलेली दिसते, पण शंभर प्रसंगांमागे होणारे मृत्यू सुमारे २९ वरून सुमारे ३ वर आले.

प्रसंग वाढले म्हणजे आजार बळावला असे कोणी म्हणेल. पण पूर्वी जे कोणाच्या लक्षात येत नव्हते ते आता आयांच्या बोटांना कळू लागले. मोजणारे वाढले म्हणून मोजदाद वाढली, हेच स्पष्टीकरण पटते. आकडेवारी वाचायला शिकवताना आम्ही हे उदाहरण हटकून घेतो. पण इथे त्याचे मोल वेगळे आहे. या योजनेत आधार मुलाच्या स्वतःच्या नेहमीच्या स्थितीचा आहे, खबर त्याच क्षणी मिळते, ती समजायला लिपी लागत नाही आणि पुढे काय करायचे ते आधीच ठरलेले आहे. आणि जिला कळते तीच ते करणारी आहे. यंत्र एकही नाही.

यंत्रांवर आमचा राग आहे असे नाही. कोविडच्या काळात बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आमच्या गावांत आले आणि ‘९४-९५च्या खाली गेले की डॉक्टर’ हे वाक्य शाळा न शिकलेल्यांनाही पाठ झाले. प्राणवायूच्या संपृक्ततेचे विज्ञान कोणी समजावले नव्हते. आकड्याला कृती जोडलेली होती, म्हणून तो चालला. काळ्यासावळ्या त्वचेवर हे यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवते, हे २०२० साली ठळकपणे पुढे आले. म्हणजे आकड्यापेक्षा माणसाच्या धापेकडे पाहायचे शहाणपणही शिकवायला हवे होते, ते राहिले.

क्षयरोगाच्या उपचारात आलेली एक योजना याहून बोधक आहे. गोळी पाकिटातून बाहेर काढली की मागे दडलेला दूरध्वनी क्रमांक दिसतो. रुग्णाने त्यावर विनाशुल्क कॉल करायचा, म्हणजे गोळी घेतल्याची नोंद होते. कल्पना चतुर. पण चेन्नई, वेल्लोर आणि मुंबई येथील रुग्णांत लघवीतील औषधाशी ताडून पाहिले तेव्हा नोंद आणि वास्तव यांत बरीच तफावत आढळली. हा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. काहींनी गोळी घेऊनही कॉल केला नव्हता, काहींनी न घेता केला होता. आम्हाला यात नवल वाटत नाही. त्या कॉलने कार्यालयाला रुग्णाची खबर मिळत होती. रुग्णाला स्वतःच्या फुफ्फुसांची काय खबर मिळत होती? हजेरीपट मास्तरांच्या कामाचा असतो, मुलाला तो काही शिकवत नाही, हे आपण शिक्षकांनी तरी मान्य करावे.

आमच्या म्हणण्यावर एका डॉक्टर मित्रांनी आक्षेप घेतला, तो असा. रुग्णाच्या हाती त्याचे आकडे आणि त्यांचे अर्थ दिले की तो स्वतःच निर्णय घेऊ लागेल, ‘साडेसात आहे, चालेल’ म्हणून घरी थांबेल आणि एखाद्या दिवशी ते जिवावर बेतेल. आक्षेप वजनदार आहे. सिकलसेलच्या मुलाला १०१ अंशांच्या वर ताप असेल तर हिमोग्लोबिन कितीही असो, दवाखान्यात जायलाच हवे. छातीत दुखून दम लागला, बोलणे अडखळले, एका बाजूचा हातपाय लुळा पडला तर आकड्याची वाटही पाहू नये. चांगल्या कागदाने या गोष्टी आकड्यांच्या वर, मोठ्या अक्षरांत सांगाव्यात. पण सध्याचा कागद गप्प राहून रुग्णाला सुरक्षित ठेवतो, असा त्या आक्षेपाचा अर्थ असेल तर तो आम्हाला मान्य नाही. त्या मुलीच्या घरी ताप मोजायला थर्मामीटर नव्हता आणि तो असावा असे सहा अहवालांपैकी, चिठ्ठ्यांपैकी, एकाही कागदावर लिहिले नव्हते.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी नव्हे, तिच्या आईने काढली. ‘लगेच जा’ असे कागदाने सांगितले तरी नाल्याला पूर आल्यावर जायचे कसे, आणि रोवणीची मजुरी बुडाली तर त्या आठवड्याचे काय? याला आमच्याकडे उत्तर नाही. स्वतःची काळजी स्वतः घ्या, असे सांगणे सोपे असते, विशेषतः सांगणारा डांबरी रस्त्यावर राहत असेल तर. कागद कितीही सुधारला तरी तो बस होत नाही.

सरांनी त्या मुलीला आलेखाची वही दिली. आडव्या अक्षावर महिने, उभ्यावर हिमोग्लोबिन. पाच बिंदूंतून तिने आडवी रेघ काढली, सरासरी ८.२च्या जवळ, तिच्याखाली दोन ग्रॅमवर तांबड्या पेन्सिलीने दुसरी. सहावा बिंदू त्या तांबड्या रेघेच्याही खाली पडला आणि ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. त्यानंतर दोन बिंदूंची भर पडली आहे, ७.८ आणि ८.१. शेजारच्या पानावर ती एमसीव्ही काढते आणि त्या रेघेला तिने स्वतःच हिरवा रंग दिला आहे. डॉक्टरांनी वही पाहिली आणि तांबडी रेघ कोठे असावी यावर सही करून दिली. सर मग ज्या प्रयोगशाळेत रक्त तपासले जाते तिथे गेले आणि अहवालात मागचा आकडा छापता येईल का, असे विचारले. संगणकात त्यासाठी रकानाच नाही, असे उत्तर मिळाले. रकाना कोण घालू शकतो, ते तिथे कोणाला सांगता आले नाही. सर पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहेत, वही बरोबर घेऊन.